सूचकाची सही

सही उलटी धरून बघायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. सुलटी धरली की डोळा नाव वाचतो, नाव वाचलं की माणूस आठवतो, आणि माणूस आठवला की सही खरी वाटायला लागते. उलटी धरली म्हणजे नुसत्या रेषा उरतात. एकतीस वर्षं मी बँकेच्या मागच्या खोलीत बसून हेच करत आलो आहे. आधी कार्डांवर, आता पडद्यावर, पण कागद हातात आला की माझा अंगठा अजूनही तो आपोआप फिरवतो. परवा सकाळी साडेअकराच्या सुमाराला कुणीतरी टेबलाच्या कडेला येऊन उभं राहिलं, 'काका, ही एवढी बघता का, खरी की खोटी?' असं म्हणत एक झेरॉक्स पुढे सरकवली, आणि मी मान वर न करता कागद फिरवला, भिंगाखाली धरला आणि म्हणालो, 'खोटी.' वर शहाणपणाही केला. 'तिसऱ्या अक्षरापाशी पेन अडलंय बघा. उचलून परत टेकवलंय. पुढची रेघ लिहिलेली नाही, काढलेली आहे. घाबरत घाबरत केलीय कुणीतरी.' मग मी कागद सुलटा केला. सही माझी होती.

तो हसला असता तर बरं झालं असतं, मला चिडता तरी आलं असतं. पण तो आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, 'तुम्हीच म्हणालात काका. मी काहीच म्हटलं नाही.' या माणसाचं नाव काय ते मला माहीत नाही. दारात आला की 'मी आपलाच माणूस' एवढंच सांगतो, म्हणून सगळा प्रभाग त्याला आपला माणूस म्हणतो. नळाला पाणी नाही, बोलवा आपल्या माणसाला. दाखला अडला, गाठा आपल्या माणसाला. तो पक्षाचं काम करतो. कोणत्या, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. पक्ष म्हटलं की एकच, बाकीच्यांचं नाव घेऊन सांगावं लागतं, आणि नाव घ्यायचं म्हटलं की लोक आधी खिडकी लावून घेतात. त्याने झेरॉक्सची नीट चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, 'उद्या अकराला अर्जांची छाननी आहे. तिथे येऊन हेच सांगायचं. आपण कुणाला खोटं बोलायला लावत नाही.' जाता जाता वळून म्हणाला, 'आणि ताई शाळेत यंदा कायम व्हायच्यात ना? होतील, होतील. आमचं लक्ष आहे.' ताई म्हणजे माझी मुलगी. लक्ष आहे, हे वाक्य लहानपणी आईच्या तोंडी किती गोड वाटायचं!

अर्ज बेबीचा. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. पन्नाशी उलटली, केस पिकले, दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली, तरी घरात बेबीच. प्रभागातला दवाखाना बंद करून तिथे पक्षाचं कार्यालय झालं तेव्हा तिने अर्ज लिहिले, विनंत्या केल्या, उंबरे झिजवले, आणि शेवटी निवडणुकीचा अर्जच घेऊन माझ्याकडे आली. उमेदवाराला एक सूचक लागतो. 'हिला उभं करा' असं लिहून देणारा, त्याच प्रभागातला एक माणूस. एकच, पण तो नसला तर अर्ज नाही. मी म्हटलं, 'दुसरं कुणी मिळालं नाही का?' ती म्हणाली, 'चौदा घरं फिरले. विचारलं की दार लावतात. तू लावलंस तर निदान आत कोण आहे ते मला माहीत असेल.' सूचक म्हणजे सुचवणारा. मला आयुष्यात कधी काही सुचलं नाही. जे सुचलं ते दुसऱ्यांना, मी मान डोलावली. म्हणूनच बहुधा ती माझ्याकडे शेवटी आली.

खोटं कशाला बोलू, बिनविरोध हा शब्द मला आवडायचा. भांडण नाही, आरडाओरडा नाही, भिंती रंगवणं नाही. आमच्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा बिनविरोधच ठरतं, म्हणजे बायको ठरवते आणि मी विरोध करत नाही. आमचा प्रभाग तीन निवडणुका बिनविरोध झाला. पहिल्या वेळी पेढे आले नाहीत पण निदान पत्रक आलं, दुसऱ्या वेळी नुसता फलक लागला, तिसऱ्या वेळी निवडणूक होती हेच आम्हाला नंतर कळलं. शाळेची समिती बिनविरोध, वाचनालयाचं मंडळ बिनविरोध, आमच्या इमारतीचा चिटणीसही बिनविरोध. मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. मतदानाचं ओळखपत्र तिने दहा वर्षं पाकिटात बाळगलंय, त्यावरचा तिचा फोटो शाळकरी दिसतो, आणि त्याचा उपयोग तिने आजवर फक्त पार्सल घेताना केला आहे. हे मी बेबीला हसत हसत सांगितलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, 'निवडून यायचं नाहीये मला, तेवढी अक्कल आहे. पण दोन नावं असली म्हणजे मतदान घ्यावंच लागतं की नाही? एकदा रांग तरी लागू दे रे. लोकांना आठवू दे उभं कसं राहतात ते.'

तर त्या दिवशी, अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर मी सही करत होतो. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. ती काही बोलत नव्हती पण भांडी बोलत होती. दोन अक्षरं झाली, तिसरं निम्मं झालं आणि दाराची घंटा वाजली. माझा हात जागच्या जागी थांबला. भांडी थांबली. बेबीने अर्जावर चटकन वर्तमानपत्र ओढलं. आम्ही तिघं श्वास धरून बसलो. आपल्याच घरात, दिव्याच्या उजेडात, कायद्याने छापलेला कागद समोर ठेवून. दारात विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस होता. तो गेल्यावर आम्ही तिघंही पोट धरून हसलो, बेबीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मग तिने वर्तमानपत्र बाजूला केलं आणि मी उरलेली सही पुरी केली. पुरी करताना मी मघाचं अक्षर कुठे सुटलं होतं ते शोधून त्यावर पेन टेकवलं, आणि तिथून पुढे अगदी जपून, वळणाबरहुकूम नेलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमचे जुने साहेब म्हणायचे, खोटी सही सुबक असते, खरी सही बेफिकीर असते.

परवा आपला माणूस गेल्यावर मी दिवसभर एकही काम धड केलं नाही. एका कोऱ्या कागदावर स्वतःची सही करत बसलो. वीस केल्या, तीस केल्या. सगळ्या एकसारख्या, एका दमात, शेवटचा फराटा कागदाबाहेर जाईल इतका मोकळा. अर्जावरची त्यांतल्या एकीशीही जुळत नव्हती. मला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज मागून आली, पण उशिरा आली. मी विचार करू लागलो. माणसाची सही म्हणजे काय? तो नेहमी करतो ती. एकदाच, घाबरून, थांबून थांबून केलेली ती त्याची कशी? ती त्याच्या भीतीची. मी भीतीची सही तपासत नाही, माणसाची तपासतो. हा युक्तिवाद मला चारच्या चहापर्यंत पुरला. चहा घेताना समोरच्या टेबलावरची रोखपाल बाई म्हणाली, 'आज बोलत नाही तुम्ही काही. बरं नाही का?' आणि मला एकदम वाटलं, हिला सगळं सांगावं. तोंड उघडलंही. मग तिचा भाऊ कुठे काम करतो ते आठवलं आणि मी म्हणालो, 'साखर कमी पडलीय.' ती डबा घेऊन आली. मला आता प्रत्येक माणूस दिसला की आधी त्याचा भाऊ आठवतो, मुलगा आठवतो, कुणाचं कोण कुठे चिकटलंय ते आठवतं. एकतीस वर्षं नावं न वाचता काम केलेला मी, आता नावांशिवाय मला काही दिसत नाही. कधीपासून हे असं झालं ते मी शोधू लागलो, आणि मला सांगता येईना. कुणी दार फोडलं नाही, कुणी रस्त्यावर रणगाडा आणला नाही. एकेक गोष्ट सोयीची होत गेली, एवढंच.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं. 'तुमच्या एका सहीने कोण निवडून येणार होतं?' ती म्हणाली. मी म्हटलं, 'कुणी नाही.' 'मग एका सहीने कुणाचं काय बुडणार आहे?' हेही मला पटलं. मला सगळंच पटतं. मुलगी दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. मला वाटत होतं ती म्हणेल, बाबा, माझ्यासाठी काही करू नका. वर्गातल्या पोरांना ती असलंच काहीबाही शिकवत असणार. मी तिच्याकडे आशेने बघितलं, देवाशपथ सांगतो, आशेनेच. ती म्हणाली, 'बाबा, मला कायम व्हायचंय हो. पाच वर्षं झाली. दर वर्षी नवीन पत्र, दर वर्षी नवीन मस्टर. मी थकले.' आणि ती रडायला लागली. तिचं काय चुकलं? तिला कधी रांगेत उभंच राहायला मिळालं नाही, तर ती रांगेसाठी काय म्हणून झुरेल? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं मी होकार दिला, आणि तसं वाटू देणं म्हणजे होकारच की!

जेवायच्या आधी मी बेबीला फोन लावला. आधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं. म्हटलं, ती शिव्या देईल, मी ऐकून घेईन, हिशेब मिटेल. तिने फोन उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. 'दादा, उद्या येऊ नकोस हं. उगीच रजा कशाला घालवतोस? तुझी सही आहे, बस झालं. तू केलीस ना, तेव्हापासून मला झोप लागतेय.' मी म्हटलं, 'बरं.' ती म्हणाली, 'आवाज का असा? जेवलास का?' मी म्हटलं, 'बसतोच आहे.' फोन ठेवला. भेकडाला निदान पळता तरी यावं. मला तेही धड जमलं नाही. त्यानंतर जेवलो. भूक होती, याचा मला राग आला.

काल अकराला मी त्या कचेरीत गेलो. लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, छताला पंखे, त्यांतला एक नुसताच थरथरणारा. बेबी बाकावर बसली होती, मांडीवर फाइल. मला बघून तिचा चेहरा जो उजळला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'आलासच ना!' ती म्हणाली आणि सरकून तिने मला जागा केली. मी तिच्या शेजारी बसलो. सात-आठ मिनिटं आम्ही शेजारी बसलो होतो, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि त्या वेळात मला एक वाक्य सापडलं नाही. आपला माणूस समोरच्या खिडकीशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, इतका त्याचा माझ्यावर विश्वास होता.

निवडणूक अधिकारी एक बाई होत्या. सर्दीने बेजार, हातात रुमाल, चष्मा सारखा घसरतोय. त्यांनी बेबीचा अर्ज काढला आणि म्हणाल्या, 'यावर हरकत आली आहे. सूचकाची सही त्यांची नाही, अशी. सूचक हजर आहेत का?' बेबी म्हणाली, 'हे काय, इथेच बसलेत,' आणि तिने माझ्या पाठीला हात लावून मला उभं केलं. मी टेबलापाशी गेलो. बाईंनी विचारलं, 'ही सही तुमची आहे?' मी अर्जाकडे बघितलं. तिसऱ्या अक्षरापाशी पेन अडलेलं दिसत होतं. 'नाही,' मी म्हणालो. मागे बेबी उठल्याचा आवाज आला, बाक करकरलं. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटतं त्यांना मी नीट समजलो होतो. त्यांना बहुधा रोजच माझ्यासारखे भेटत असावेत. त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. वरील अर्जावरील सही माझी नाही, एवढाच मजकूर. 'याच्याखाली सही करा.' मी पेन घेतलं. हात थरथरेल असं वाटलं होतं, थरथरायला हवा होता. सही एका दमात झाली, मोकळी, शेवटचा फराटा कागदाबाहेर टेबलावर गेला.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग चष्मा वर सरकवत म्हणाल्या, 'तुम्ही बँकेत सह्याच तपासता ना? मग तुम्हीच सांगा. मला यातलं कळत नाही.' त्यांनी कागद माझ्याकडे फिरवले. मी ते आणखी अर्धे फिरवले, उलटे. सवय. आणि खरंच सांगतो, मला दोन माणसं दिसली. एक घाबरलेला, आणि तरीही सही पुरी करणारा. दुसरा कशालाच न घाबरणारा. 'वेगवेगळ्या हातांच्या आहेत,' मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी इतक्या खात्रीने मत दिलं नव्हतं.

'ठीक आहे,' बाई म्हणाल्या. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मग पेन हातातच ठेवून बेबीकडे बघितलं. 'मग ही सही केली कुणी?'

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. हसा, खुशाल हसा. ज्याने जन्मभर कागदांवर 'खोटी' असा शेरा मारला, त्याला खोटी सही म्हटली की ती करणारा कुणीतरी लागतो हे सुचलं नाही. आमच्या खोलीत कागद येतो, शेरा होतो, कागद जातो. पुढे कुणाला बोलावतात, कुणाला नेतात, ते पुढच्या खोलीतलं काम. मी कधी दार उघडून बघितलं नाही. बाई सांगत होत्या, अर्जावर दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे, उमेदवाराचा खुलासा घ्यावा लागेल, खुलासा पोलिसांकडे जाईल. खिडकीशी उभा आपला माणूस आता पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं की हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. अर्ज बाद होणं ही सुरुवात होती.

मी बेबीकडे वळलो. ओरड, मी मनात म्हणत होतो, ओरड ग, हा खोटं बोलतोय म्हण, सगळ्यांसमोर म्हण, माझी लाज काढ. ती ओरडली असती तर मी हो म्हणालो असतो. असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, आणि हे वाटणं किती स्वस्त आहे तेही कळतं. ती माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात रोग्याचा चेहरा बघून, त्याला किती सोसवेल याचा ती अंदाज घ्यायची, तसं. मी खरं बोललो तर माझा जबाब खोटा ठरतो, खोटा जबाब म्हणजे मी आत, नोकरी गेली, मुलीची गेली. हे सगळं तिने तेवढ्या वेळात मोजून घेतलं असणार. ते माझं काम होतं. मी ते केलं नाही, तिने केलं.

'लिहा,' ती बाईंना म्हणाली. 'मी केली. दादाला माहीत नव्हतं.'

बाईंचा हात थांबला. 'नक्की लिहू?' त्यांनी विचारलं, अगदी हळू. 'लिहा हो,' बेबी म्हणाली. 'तुमची सर्दी वाढतेय, संपवा लवकर.' बाईंनी लिहिलं. बेबीने वाचून खाली सही केली. बाहेर ढोल वाजायला लागला होता. निकाल खोलीबाहेर कुणी सांगितला कोण जाणे. बाईंनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. 'उमेदवाराने तुमच्यासमोर कबुली दिली, त्याला साक्षीदार म्हणून. इथे.'

मी सही केली. बेबी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, लहानपणी मी चित्र काढताना बघायची तेवढी जवळून. तिचा श्वास मला कानाशी लागत होता.

'सुरेख आली रे,' ती म्हणाली. 'त्या दिवशी अशी करायची होतीस.'